बेचाळीस मीटर तांबं

पिंपरी पेंढार
३ जून २०२५

ती. कोंडाआक्कास, धाकट्या सोमनाथचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. टोमॅटोचा तोडा चालू हाय. नारायणगावला भाव असा, की गाडीभाडं निघालं तरी लोक एकमेकांचं अभिनंदन करत्यात. तुझी भावजय आरती आणि तिच्या म्हशी मजेत.

कामाचं असं. राजस्थानात तांबं शोधणारी ‘मरुगर्भ मिनरल्स’ म्हणून एक छोटी कंपनी हाय. तिचे थोडे शेअर माझ्याकडं हाईत. तिनं सहा बोअर मारले आणि एका बोअरला सलग बेचाळीस मीटर तांबं लागलं. बेचाळीस, आक्का! आपल्याकडं तेवढ्यात पाणीबी लागत न्हाई. शिवाय वर जमिनीवर उचललेल्या दगडात नऊ टक्के. बाकीचे निकाल यायच्या आत आणखी शेअर घ्यावेत म्हणतो. त्यासाठी ओढ्याकाठचा एकर शेजारच्या कुशाबाला विकायचा ठरवलाय. सातबाऱ्यावर आपली दोघांची नावं, म्हणून संमतीचा कागद सोबत पाठवलाय. खूण केलीय तिथं सही कर. आरती त्या एकरात म्हशींच्या चाऱ्यासाठी घास करती, म्हणून जरा फुगलीय. पण बायकांना बाजार कळत न्हाई. (तू सोडून.)

दाजींना नमस्कार. माया तर तू पाठवतेसच, या खेपेला सोबत सहीबी पाठव.

तुझा, सोमनाथ


घोडेगाव
९ जून २०२५

चि. सोमनाथ यास अनेक आशीर्वाद.

कागद मिळाला. खूण इतकी ठळक केलीस, की सही आपोआप उमटेल असं वाटलं. उमटली नाही. शाळेला अजून सुट्टी आहे, म्हणून कंपनीचं निवेदन मिळवून वाचलं. तू बेचाळीसपाशीच थांबलास, मी पुढेही गेले. गणिताच्या बाईंना ती खोड असतेच.

बेचाळीस मीटरची सरासरी ०.४ टक्के. खाली बारीक अक्षरात, त्यातल्याच दोन मीटरला सहा टक्के. ते दोन बाजूला काढ. उरलेल्या चाळिसात पाव टक्क्याच्याही निम्मं राहतं. एका श्रीमंत पाहुण्यामुळे अख्खी पंगत श्रीमंत ठरली म्हणायची. शिवाय थराची खरी जाडी माहीत नाही, हे त्यांनीच लिहिलंय. काकडी तिरपी कापली की चकती लांब येते, त्याने काकडी जाड होत नाही. आणि नऊ टक्क्यांचा तो दगड कोणी डोळे मिटून उचललेला नाही. तू टोमॅटोच्या कॅरेटात वरचा थर निवडून लावतोस, तसाच तो आहे. सहापैकी तीनच बोअर बोलले. बाकीचे तीन का गप्प आहेत?

कंपनी एक शब्दही खोटं बोललेली नाही, कौतुक त्याचंच. तिथे तांबं नसेलच असं मी म्हणत नाही. अजून कोणालाच कळलेलं नाही, एवढंच त्या कागदांतून कळतं. अशा गोष्टीवर हौसेपुरतं लावावं, घासाची जमीन लावू नये.

आशीर्वाद नेहमीएवढेच. त्यांचा भाव रोज वरखाली होत नाही.

कोंडाआक्का


पिंपरी पेंढार
१३ जून २०२५

ती. आक्कास शि. सा. न.

तुझं पत्र वाचून हसलो. वरचा थर मला कुणी शिकवायचा न्हाई, आक्का. तीस वर्षं लावतोय. व्यापारी कॅरेट पालथं करायच्या आत माल गेला पायजे, खरा धंदा तो हाय. निकाल येणार अशी आवई उठली की भाव चढणार, तवा मी विकून मोकळा. मला तांबं कुठं पायजे? मला माझ्यानंतर घेणारा एक माणूस पायजे, बस.

कुशाबा लई घाई करतोय. आरती आज ओतूरला बहिणीकडं गेलीय, घर शांत हाय. तवर कागद धाड.

रागावलीस तरी चालंल, पण सही करून मग रागाव.

सोमनाथ


घोडेगाव
२४ जून २०२५

चि. सोमनाथ यास आशीर्वाद.

उरलेल्या तिन्ही बोअरांचा निकाल शुक्रवारी आला, तू वाचला असशीलच. ‘उल्लेखनीय धातू आढळला नाही, मात्र भूगर्भाविषयीची समज वाढली.’ समज कोणाची वाढली ते लिहिलेलं नाही. तेव्हापासून शेअर रोज खालच्या मर्यादेला चिकटलाय. विकायला सगळे उभे आहेत, घ्यायला कोणी नाही. तुझ्यानंतरचा तो एक माणूस सगळेच शोधतायत.

आता जमिनीचं. तुझा कागद कोराच परत पाठवते आहे. सही मी केली, पण दुसऱ्या कागदावर. एकरातला माझा हिस्सा आरतीला बक्षीसपत्राने दिला. ती ओतूरला गेली म्हणतोस, त्या दिवशी ती ओतूरला गेलीच नव्हती. जुन्नरच्या कचेरीत माझ्या शेजारी बसली होती आणि जेवणही तिनेच बांधून आणलं होतं. घरी सांगायचं काम मात्र तिने माझ्यावर टाकलं. तुला निवांतपणे, लेखी कळावं म्हणून.

तेव्हा एकर पुन्हा विकावासा वाटला, तर घोडेगावला पत्र टाकू नकोस. घरातल्या घरात विचार. मी तुला टक्के, मीटर, जाडी असं काय काय विचारलं. ती एकच विचारेल, म्हशी काय खातील. त्याचं उत्तर तयार ठेव.

लोभ होता तसाच आहे. या पत्राला उत्तर लिहिशील ते आधी आरतीला दाखव. आता तिचीही सही लागते.

कोंडाआक्का