कोरा राहिलेला रकाना

ती. आई,
इथूनच वाकून नमस्कार.

मी मजेत आहे. तुझे गुडघे कसे आहेत? फोनवर घाबरशील म्हणून लिहितेय.

इथल्या वृद्धाश्रमात मी सांभाळते त्या माझ्या डोरोथी आजींना परवा नव्वद वर्षं पूर्ण झाली. केक कापल्यावर मी सवयीने त्यांच्या पाया पडले. त्या दचकल्या, मग ढसाढसा रडायलाच लागल्या. मॅनेजर म्हणाली, "नो वरीज, पण फॉर्म भर. पायांना हात का लावलास ते लिही." माझी नोकरी पक्की व्हायला अजून महिना आहे गं.

कारणाचा रकाना कोराच आहे. आपण का पडतो पाया?

आज चहा घेऊन गेले, तर आजी पांघरुणाबाहेर पाय काढून माझी वाट बघत होत्या. मी नुसतीच उभी राहिले.

तुझी,
चारुता