मी दाखवलेली जागा

आबा,

आज आपली कोरडी विहीर बुजवली. पुतण्याने यंत्र आणले होते. दुपारपर्यंत सहा परस खोली भरून जमीन सपाट झाली. काठावर जमलेल्यांपैकी एक जण म्हणाला, "आख्ख्या तालुक्यात पाणी हेरताना म्हाताऱ्याची नजर कवा चुकली न्हाई, पन सवताच्या रानात फसला बगा." बाकीचे हसले. गावात तुम्हांला ज्या गोष्टीसाठी मान होता, तिलाच ते हसले, आणि मी खुर्चीवर ताठ बसून राहिलो. ती जागा तुम्ही निवडली नव्हती. ती मी दाखवली होती.

त्या दुष्काळाच्या वर्षी पौषात मी गुजरातेतून रजेवर आलो होतो. खंबायतच्या बाजूला जमिनीत नवीन तेल सापडले होते आणि चौथी उत्तीर्ण असल्यामुळे मला तेथे काम मिळाले होते. आमच्या विहिरीतून पहिले तेल वर आले, तेव्हा साहेबांनी ते तळहातावर घेऊन हुंगले आणि पेढे वाटले. औषधाच्या बाटलीत थोडे भरून मी तुमच्यासाठी आणले. घरी पोहोचेपर्यंत ते थंडीने तुपासारखे गोठले होते. ती बाटली चुलीजवळ धरून बसलेले तुम्ही मला अजून दिसता. तेल हळूहळू पातळ होते, तुम्ही बूच काढून वास घेता आणि आईला म्हणता, "बग, ह्यो वास जिमिनीच्या पोटातला हाय. आपल्या पोरानं काढला." मी काढला नव्हता. पाइपांच्या जोडांना ग्रीस लावणे आणि वर आलेला चिखल धुणे, एवढेच माझे काम होते. गावात मात्र मी स्वतःला ड्रिलर म्हणवून घेतले होते.

"एवढं खाली जाताना वाटंत पाणी लागत न्हाई व्हय रं?" तुम्ही विचारले. मी सांगितले, की लागते. पण ते खारे असते, आणि नुसते पाणीच लागले तर सिमेंट ओतून विहीर बंद करतात. आई तेव्हा दोन मैलांवरून घागर आणत होती.

दुसऱ्या दिवशी आपण रानात गेलो. पंचक्रोशीतील कितीतरी विहिरींच्या जागा तुम्ही दाखवल्या होत्या, त्यामुळे मला विचारण्याचे तुम्हांला काही कारण नव्हते. तरीही तुम्ही म्हणालात, "माजं मन वरच्या उंबराखाली जातंय. पन तू सांग, गड्या. आमी परसानं मोजणारी मान्सं, तुमी मैलानं." तेव्हाच खरे बोलायला हवे होते. मी काठीने रेघ ओढली आणि म्हणालो, "इथं खणा."

चैत्रात तुमचे पोस्टकार्ड आले, मास्तरांकडून लिहून घेतलेले: 'काळा फत्तर लागला आहे. उंबराकडे वळावे काय, ते कळवावे.' मी उत्तर धाडले, 'खोदकाम त्याच जागी चालू ठेवावे.' कार्डावर ग्रीसचा डाग पडू नये म्हणून मी दोनदा हात धुतले होते. अक्षर सुरेख आले होते.

पावसाळ्यात मी पुन्हा आलो, तेव्हा फत्तर फोडून फोडून तुमचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. काकांनी चारचौघांत मला हटकले, "काय ड्रिलर, पाणी न्हाई तर न्हाई, तेल तरी काढ की!" तुम्ही लगेच म्हणालात, "गप रं. त्येंच्यात पाणी लागलं की हीर बुजवत्यात. आपली बुजवायची पाळी आली न्हाई, हेच लय झालं." सगळे हसले. तुम्ही माझ्याकडे पाहिलेही नाही. त्यानंतर जागा दाखवायला तुम्हांला कोणी बोलावले नाही, आणि जो विचारील त्याला तुम्ही अखेरपर्यंत एकच सांगत राहिलात, "माजीच नजर चुकली."

पुतण्या आता ओसरीवर चहा पीत बसला आहे. त्याला हाक मारून हा कागद वाचून दाखवावा, इतकेच करायचे आहे. दोनदा दारापर्यंत गेलो. तो अजून मला लोकांसमोर ड्रिलरकाका म्हणतो. मी परत येऊन बसलो.

त्याला नाही, तर निदान तुम्हांला सांगतो. त्या जागेत मला काहीही दिसले नव्हते. नवे बूट चावत होते, आणि उंबरापर्यंतचा चढ चढणे नको वाटले.