उस्मानचाचांच्या ट्रकची काच

तीर्थरूप बाबा,

साष्टांग नमस्कार. नववीपर्यंत जे शिकलो त्यात पत्र लिहिणं होतं. स्वतःचा पत्ता वर लिहायचा, ज्याला पाठवायचं त्याचा खाली. माझा लिहिला. तुमच्या जागेवर पेन टेकवून बराच वेळ बसलो आणि मग जागा तशीच सोडून दिली.

आताच का लिहितो? उस्मानचाचा परवा, रविवारी, जळगाव जामोदहून येत आहेत. तुम्ही कबूल केलेला छोटा ट्रक न्यायला. आणि माझ्या हातून त्या ट्रकची काच खराब झाली आहे. मी काम करतो त्या रंगाच्या दुकानात थिनर मागायला रोज दहा पेंटर येतात, पण त्यांना हे विचारता येत नाही. आईला विचारलं, तर ती तुमच्या फोटोकडे बघत बसली. मग मी कोणाला विचारू?

तुम्हाला आठवतो ना तो दिवस, किट आला तेव्हाचा? प्लास्टिकचे भाग जोडून जुना नाकाडा ट्रक बनवायचा किट होता, समोरची काचही प्लास्टिकची, दोन तुकड्यांची. तुम्ही खोका उघडून सगळी प्लास्टिकची काड्यांची चौकट उचलली आणि म्हणालात, "हे तर मच्छीचा काटा दिसून राह्यला बे. याचा ट्रक होते?"

"होते बाबा. जोडावं लागते."

"मंग उस्मानचा करू. कापूस भरून खामगावात येत जाय, तो ट्रक. भंगारात गेला तवापासून त्याचं त्वांड पाह्यवत नाई."

त्याच दिवशी तुम्ही फोन लावून त्यांना सांगूनही टाकलंत! ट्रकचं एक चाकही जोडलेलं नव्हतं. मला किती राग आला होता. अजून बनलेली नाही ती वस्तू देऊन कशी टाकता, असं मी म्हणालो. तुम्ही म्हणालात, "देल्ली. आता बनवा लागते."

आणि पहिलाच दरवाजा तुम्ही विरघळवलात. आजही हसू येतं. मी वाटी आणायला आत गेलो, तेवढ्यात तुम्ही गॅरेजात गाड्यांच्या फवाऱ्यासाठी वापरायचं एनसी थिनर रंगात ओतलं आणि ब्रश फिरवला. दरवाजा तव्यावरच्या पापडासारखा वळला. तुम्ही तो पत्र्यावर ठेवला, चष्मा काढला, परत लावला.

"चाळीस वर्षं गाड्या रंगवल्या म्या. गाडी वितळलेली आजच पाह्यली!"

त्यानंतर आपण वही केली. तुम्ही खाटेवरून सांगायचात, मी लिहायचो. चौकटीच्या उरलेल्या काड्यांचे बोटाएवढे तुकडे कापून एकेका वाटीत एकेक बुडवायचा आणि घड्याळ लावायचं. एनसी थिनरने काडी चिकट होते, रंगाला चालणार नाही. पण त्यातच काड्यांचा चुरा विरघळवला तर फटी बुजवायला उत्तम पुट्टी होते, हे तुम्हीच शोधलंत. टर्पेंटाइनमध्ये काडीला काही होत नाही, म्हणून ऑइल पेंट त्यातच पातळ करायचा. पाईप जोडायचं सोल्युशन धरतं, पण धागे सुटतात. मी प्रत्येक शब्द नीट लिहायचो आणि तुम्ही चिडवायचात, "वेलांटी वाळू दे लेका, मंग पुढचं सांगतो."

त्या वहीत काचेचं पानही आहे. तुमचेच शब्द. 'काच: फक्त सुतारकामाचा पांढरा गम. हळू वाळतो, पण डाग पडत नाही. काचेजवळ घाई नाही.'

मी घाई केली, बाबा.

तुमच्यानंतर दहा महिने खोका उघडला नव्हता. गेल्या मंगळवारी उस्मानचाचांचा फोन आला. "गजू बेटा, रविवारी येऊन राह्यलो. झाला असला तर देजो, नसला तर तसाच देजो. डोळ्यात मोतीबिंदू उतरला, मले तरी कुठं बारीक दिसते!" मी हो म्हणालो. पांढरा गम बाटलीत दगड झाला होता. नवा दुकानातून आणता आला असता, दुसऱ्या दिवशी. पण मी तिथेच पडलेली झटपट चिकटणारी ट्यूब घेतली, दोन्ही काचा बसवल्या, आणि धूळ नको म्हणून वरून स्टीलचा डबा उपडा घातला. डबा! त्या ट्यूबची वाफ कोंडली की काचेवर पांढरी साय धरते, हे मी स्वतः गिऱ्हाइकांना सांगतो.

सकाळी डबा उचलला तर काचा धुक्यासारख्या.

मला तुमचं वाक्य आठवलं. काचेवर फवाऱ्याचा एक ठिपका जरी गेला तरी तुम्ही गाडी गॅरेजबाहेर जाऊ देत नव्हतात. "काच मळली तर पेंटर अर्धा." म्हणून मी टूथपेस्ट आणि कापूस घेतला आणि ड्रायव्हरच्या बाजूची काच बाहेरून घासायला लागलो. पांढरं निघत होतं. त्यात एका जागी बारीक रेघा होत्या, गोल गोल. मला वाटलं ओरखडे आहेत. तेही घासले. काच स्वच्छ झाली.

मग छताच्या उघड्या भागातून आत पाहिलं. त्याच काचेच्या आतल्या बाजूने एक अंगठा उमटला होता. हाताचं तेल काचेवर राहिलं असेल, तिथे ट्यूबची वाफ आधी धरते. पांढरा, पूर्ण. मध्यातून आडवी रेघ गेलेली.

ती रेघ कशाची हे मला माहीत आहे. पुट्टीच्या पात्याने तुमचा अंगठा कापला होता, तेव्हा टाके घालताना मी शेजारी उभा होतो. आणि मी काचेला हात लावत नाही, मी चिमटा वापरतो. हात तुम्ही लावला होता. शेवटच्या आठवड्यात, खाटेवर बसून, ती काच अंगठा आणि बोट यांच्यात धरून खिडकीकडे पाहत होतात. "यातून उस्मान रस्ता पाहे," म्हणालात. मग आगपेटीत काच ठेवलीत आणि आगपेटी माझ्या हातात दिलीत. "हे आता तूच लावजो."

म्हणजे बाहेरच्या बाजूने जे मी घासलं, ते तुमचं बोट होतं. मी ते टूथपेस्टने पुसलं, बाबा. मला काय माहीत!

आईला भिंग दिलं. आधी ती म्हणाली, "ओल्या फडक्यानं पुसून टाक ना." मग वाकली. "हा त्यायचा अंगठा हाय," एवढंच म्हणाली. आणि चहा ठेवायला गेल्यावर आतून, "पण देतो म्हणले होते ते."

काच काढता येईल का, तेही करून पाहिलं. उरलेल्या खिडकीच्या तुकड्यावर त्याच ट्यूबचा थेंब टाकून वाळवला. तो थेंब सुटतो फक्त नेलपॉलिश काढायच्या पाण्याने, आणि त्या पाण्याने काचही दुधासारखी होऊन खचते. उचकटावी तर तडकते. दोन तुकडे तडकले. डिंकाला जे सोडवतं ते काचेला खातं. तीन दिवस सगळ्या बाटल्या पुढ्यात मांडून बसलोय.

आणि या बाटल्यांसमोर बसलो की दुसरंच आठवतं. थंडीत खिडकी बंद, तुम्हाला खोकला, आणि मी त्याच खोलीत झाकण उघडं ठेवून चिकटवत बसलेलो. मी बाहेर जातो म्हणालो होतो. "राहू दे. या वासात माही जिंदगी गेली. घर घरासारखं वाटते." तुम्ही असं का म्हणालात? आणि मी का ऐकलं? डॉक्टरांनी धूळ आणि धूर टाळा सांगितलं होतं. थिनरचं मी विचारलं नाही. ते काय म्हणतील याची भीती होती. अजूनही विचारलेलं नाही. दवाखान्यावरून रोज जातो, सायकल हळू करतो, आणि पुढे निघतो.

तुम्हीही चाळीस वर्षं तोंडाला नुसता रुमाल बांधलात. मी मास्क आणून दिला तर गॅरेजच्या खिळ्याला टांगलात. "यात बोलता येत नाई!" आता बोला.

ट्रक मी ठेवून घेतला तर तुमचा शब्द खोटा पडतो. दिला तर तुमचा अंगठा घराबाहेर जातो. काच पुसली तर तो कुठेच राहत नाही. आणि उस्मानचाचांची सवय तुम्हाला माहीत आहे. गाडीत बसण्याआधी खांद्यावरचा दुपट्टा काढायचा आणि काच पुसायची. तुम्हीच नक्कल करून दाखवायचात.

काल एक गोष्ट केली. दुसऱ्या एका खिडकीवर माझा अंगठा दाबला, ट्यूब आणि डब्याने तशीच पांढरी साय आणली, आणि वाफेने ठसा जातो का ते पाहायला तिच्याजवळ प्लास्टिक जोडायचं पातळ सोल्युशन ब्रशने लावून रात्रभर उघड्यावर ठेवलं. सकाळी माझा अंगठा जागेवर होता. तुमचा राहील का? माझा एका दिवसाचा, तुमचा दहा महिने जुना. मला खात्री नाही. पण याहून जास्त तपासता येत नाही.

ट्रकचं छत अजून बसवलेलं नाही. रविवारी सकाळी ते अंगणात बसवीन. खोलीत नाही. सोल्युशन बारीक ब्रशने, बाहेरच्या कडेने, थेंब थेंब. एकदा छत धरलं की त्या काचेच्या आतल्या बाजूला कोणाचाच हात पोहोचणार नाही, माझासुद्धा नाही. मग ट्रक उस्मानचाचांच्या हातात देईन. ते दुपट्टा काढतील. काढू देईन. ते बाहेरून पुसत राहतील आणि म्हणतील, काच काऊन साफ होत नाही बे? तेव्हा त्यांना सांगेन आतून कोण आहे.

तुमच्या गॅरेजमधून मळक्या काचेची ही पहिलीच गाडी जाते आहे. रागावू नका.

आणि खिळ्यावरचा मास्क काढून धुतला आहे. आजपासून तो लावल्याशिवाय एकही झाकण उघडणार नाही. आणि सोमवारी दवाखान्यासमोर सायकल उभी करीन, आत जाईन आणि विचारीन. उत्तर काहीही असो, ते तुम्हाला लिहून कळवीन. हे वचन देतो.

तुमचा,
गजानन