मिठातलं बियाणं आणि कॉलेजचा अर्ज

धसई, ९ जून १९३९

तीर्थस्वरूप सावळाराममामांस,

भाचा कुंडलिक याचा साष्टांग नमस्कार, तोही ताठ मानेनं घातलेला (कसा घातला ते विचारू नका). तुमचा गुडघा, मामींचा खोकला आणि कचेरीतले साहेब, तिघेही आता उतारावर असतील अशी आशा आहे. इकडे सगळं ठीक. ठीक कसलं, मामा, मी जिंकलो!

तुम्ही आर्ट्सचा अर्ज माझं नाव घालूनच पाठवलात. बी. ए. झालं की सगळ्या वाटा मोकळ्या, पुढंमागं मामलेदारसुद्धा होशील, हे तुमचं म्हणणं मला पाठ आहे (चार वर्षं तुमच्या घरी राहून मॅट्रिक झालो, ते काय उगाच?). पण मला जायचं होतं पुण्याच्या शेतकी कॉलेजात. बाबांना सांगितलं, तर ते हसलेसुद्धा नाहीत. "शेती शिकाया कालेजात? मंग मी हितं चाळीस वरसं माश्या मारल्या काय रे?" मी शहापूरच्या शेतकी प्रदर्शनात मिळालेलं पत्रक काढलं आणि बोलू नये ते बोलून गेलो, की बाबा, तुमच्या बियाण्यात पोकळ दाणे फार. झालं, पैज लागली! दोघांनी एकेक पायली भात भिजवायचं, टोपलीत पेंढ्याखाली दडपायचं आणि तिसऱ्या दिवशी उघडायचं. मोड माझे चांगले तर पुणं. त्यांचे चांगले तर गुमान तुमचं आर्ट्स.

पत्रकात लिहिलंय, अंडं तरंगेपर्यंत पाण्यात मीठ घालावं, मग बियाणं ओतावं. पोकळ दाणा वर येतो, भरीव बुडतो. मी शेजारच्या अंबूबाईकडून अंडं आणलं आणि भर अंगणात घंगाळ मांडलं. अर्धी आळी जमली. मी मीठ घालतोय आणि अंडं बुडाला बसलंय ते बसलंय. आईनं पावसाळ्यासाठी भरून ठेवलेली बरणी निम्मी झाली (आई दारातून बरणीकडे बघत होती, माझ्याकडे नाही). अंबूबाई म्हणते, "कुंडलिक, पेरतोस का कालवण करतोस रे?" शेवटी अंडं एकदाचं वर आलं. मग मी बियाणं ओतलं, आणि मामा, चांगलं ओंजळभर भात तरंगलं! बाबांचं पान तोंडाशीच राहिलं. तरंगलेलं कोंबड्यांना टाकलं, भरीव फडक्यात बांधून ठेवलं, अंबूबाईचं अंडं परत देऊन आलो आणि सगळं टोपलीत दडपलं (बुडाला तुमचा आर्ट्सचा अर्ज घातला. कागद जाड होता. क्षमा असावी).

काल टोपल्या उघडल्या. बाबांच्या टोपलीत मोड होते, नाही असं नाही, पण मधूनमधून दाणे मुके. माझ्यात जिकडे बघावं तिकडे पांढरे मोड! बाबांनी कोपरापर्यंत हात घालून तळ ढवळला. मुका दाणा सापडेना. मग म्हणाले, "जा बाबा पुन्याला. पन ते अंड्याचं मला परत एकदा दाव." मामा, मॅट्रिकच्या निकालालाही मी इतका नाचलो नव्हतो. शेतकीचा अर्ज तिथल्या तिथे भरला. 'शेतीचा अनुभव कोणाच्या हाताखाली' या रकान्यात बाबांचं नाव ठळक लिहिलं, आणि त्यांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं.

आपला विजयी भाचा,
कुंडलिक

ता. क. पत्रक तुम्हाला पाठवावं म्हणून पुरतं उलगडलं, तर खालची घडी मी कधी उघडलीच नव्हती. तिथं लिहिलंय, 'बियाणे लगेच गोड्या पाण्याने तीनदा धुवावे, न धुतल्यास मोड येत नाहीत.' मी एकदाही धुतलं नव्हतं.

आणखी ता. क. आईला विचारलं. मी अंडं द्यायला गेलो तेवढ्यात तिनं फडकं सोडून बियाणं तीन पाण्यांनी खळखळून धुतलं होतं. "मिठात डाळ शिजत नाय, मंग भाताला मोड कुठनं येतील?" एवढंच म्हणाली, आणि वर, बाबांना सांगू नको म्हणाली. तुमचीच बहीण, मामा. मला रडूच आलं. तर काम असं, की आईचं नाव घुसवताना अर्जातल्या त्या रकान्यात खाडाखोड झाली आहे आणि तसला अर्ज घेत नाहीत म्हणतात. उलट टपाली एक कोरा अर्ज पाठवा, शेतकीचाच. त्यात आईबाबा दोघांची नावं लिहीन, धोंडूबाई वर.