एकेचाळिसाव्या मिनिटानंतर

२ फेब्रु., सोम.
सकाळी ७, दु. १२, ४ आणि रात्री ८. चारही वेळा थेंब टाकले. बाबांचा ऑपरेशन झालेला उजवा डोळा अजून लाल. खामगावच्या डॉक्टरांनी तीन आठवडे टीव्ही-मोबाइल बंद सांगितलंय. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंच आहे, त्याने धूसर दिसतं. दिवसभर काळा चष्मा लावून अंगणात बाजेवर, आणि सगळ्यांवर चिडून. सगळे म्हणजे आई आणि मी.

दुपारी मोठी आई (मोठ्या बाबांची, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको) गिरणीवर आईला भेटली. मोठ्या बाबांना अकोल्याहून घरी आणलंय. किडनीचं आता काही होणार नाही, डायलिसिस हृदयाला झेपत नाही, घरी न्या म्हणाले. हातात किती दिवस ते कोणी सांगितलं नाही. त्यांचं एकच चाललंय म्हणे, "लहान्याले म्हणा, एकदा येऊन पाणी पिऊन जाय."

लहान्या म्हणजे बाबा. अकरा वर्षं झाली, आमचं कोणी त्यांच्या घरचं पाणी पीत नाही, त्यांचं कोणी आमच्या. मळ्यातल्या सामाईक विहिरीवरून. आमच्या पाळीला पाणी आलं नाही आणि संत्र्याची सगळी कलमं वाळली. बाबा म्हणतात, मोठ्या बाबांनी मुद्दाम विहिरीवरची मोटार चालू केली नाही.

आईने निरोप सांगितला. बाबा म्हणाले, "माया पांढरा सदरा धुतलेला हाय काय?"
आईने लगेच त्याला इस्त्री केली.

३ फेब्रु., मंगळ.
हरभरा सोंगायला आई सकाळीच मळ्यात. बाबांनी सदरा खुंटीला लावून ठेवलाय, उद्या जायचं ठरलं.

बाबांच्या आवडत्या इंग्रजी मालिकेचा पाचवा भाग मोबाइलवर पाहिला. यंदा हिंदी आवाज नाही, नुसती खाली हिंदी अक्षरं, ती बाबांना ऑपरेशनच्या आधीही वाचता येत नव्हती. म्हणून मी पाहायचं आणि सांगायचं. घराण्यांची इंग्रजी नावं त्यांना येत नाहीत. डोंगरावरच्या गडातले घुबडवाले, खोऱ्यातले सांबरवाले. दोन भावांपासून निघालेली दोन घराणी. घुबडवाल्यांत प्रत्येक माणसाबरोबर एक घुबड जन्मतं आणि माणूस जायला लागला की त्याची पिसं झडतात. बाबा सांबरवाल्यांकडून.

दु. ४, थेंब टाकल्यावर मी सांगायला बसले.
"घुबड कसं हाय म्हाताऱ्याचं? पिसं गळून राह्यले काय अजून?"
"अर्धी गळलीत."
आई नुकतीच आलेली, डोक्यावरचा भारा उतरवत म्हणाली, "सख्ख्या भावाची खबर नाही घेतली, घुबडाची बरी घेता."
बाबांनी मान माझ्याकडे वळवली, पुढचं सांग म्हणून.

म्हाताऱ्या घुबडवाल्याने धाकट्या घराण्यातल्या सांबरवाल्याला निरोप पाठवला की मी मरतोय, येऊन माझ्या हातचा एक पेला घे. सांबरवाला एका नोकराला घेऊन गड चढला. तलवार दारात ठेवली. म्हाताऱ्याने पेला पुढे केला. धाकट्याने तो हातात घेतला. मग बाहेर छपरावरचं घुबड दाखवलं. परत आत दाखवलं तर सांबरवाला जमिनीवर.
बाबा उठून बसले. "मी म्हणलं होतं का नाही? त्या पेल्यातच काई तरी दिलं. होय ना?"
मी हो म्हटलं.

मी हो म्हटलं. खरं म्हणजे तिथे माझं रोजचं नेट संपलं होतं. एकेचाळिसाव्या मिनिटाला चित्र अडकलं, गोल फिरत राहिलं. पुढचं मी पाहिलंच नाही.

जेवताना बाबा आईला म्हणाले, "सदरा ठेवून दे पेटीत."
"काऊन?"
"मरता मरता बोलावते माणूस, ते काई उगाच नाई बोलावत."

४ फेब्रु., बुध.
सकाळी नेट आल्याबरोबर ओट्यावर बसून उरलेला भाग पाहिला. तीनदा पाहिला.

पेल्यात काही नव्हतं. सांबरवाल्याला विश्वासच नव्हता. त्याने पेला हातात घेतला, तसाच बाजूच्या स्टुलावर ठेवला आणि कमरेची स्वतःची चामड्याची पिशवी काढून तिच्यातलं पाणी प्यायला. विष त्या पिशवीत होतं. त्याच्याच नोकराने घातलेलं. म्हाताऱ्याचा पेला तिथेच, काठोकाठ भरलेला. म्हातारा अंथरुणातून खाली पडतो आणि सरपटत त्याच्याकडे जातो. शेवटची सहा मिनिटं नुसतं तेवढंच.

लहानपणी मला सांध्यांचा ताप यायचा. चौथीपर्यंत शाळेत गेलेच नाही. मोठ्या बाबांनी शिकवलं, त्यांच्या ओट्यावर, ते शाळेत शिकवून आल्यावर. ही रोजनिशीसुद्धा त्यांनीच लावली. नियम एकच. पाहिलं ते लिहायचं. पाहिलं नसेल तर पाहिलं नाही असं लिहायचं. एकदा मी न पाहिलेल्या सर्कशीतल्या हत्तीचं अर्धं पान लिहिलं होतं, तर म्हणाले, "झकास हाय. आता फाड."
आणि मी हो म्हणून बसले. त्यांच्याच बाबतीत.

आज सांगायला हवं होतं. चारदा थेंब टाकले, चारदा तोंड उघडून मिटलं.
सांगितलं तर बाबा काय म्हणतील ते मला माहीत आहे. तू त्याची शिकवलेली, त्याच्याच बाजूची. त्यांनी जावं म्हणून मी गोष्ट फिरवली असंच वाटेल. खोटं पटलं, खरं पटणार नाही.
पण तिकडे दिवस...

५ फेब्रु., गुरु.
सांगितलं. दुपारी १२ चे थेंब टाकल्यावर, त्यांचे डोळे मिटलेले असताना. ते पाहत नसले की मला बोलता येतं.

सगळं ऐकून घेतलं.
"परवा एक सांगितलं, आज एक सांगून राह्यली."
"परवा चुकलं माझं. नेट संपलं होतं."
"मंग तवाच काऊन नाई सांगितलं?"
मी बाटलीचं बूच लावत राहिले.
"मोठी आई भेटली काय तुले मधात?"

भेटली होती. काल संध्याकाळी, दुकानात. "पाय सुजले त्यायचे, जेवत नाईत," एवढंच म्हणाली. मालिकेचं नावही निघालं नाही. पण भेटली होती. नाही म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं कदाचित.
मी हो म्हटलं.
बाबा हसले. वाईट हसले. "हाव ना. म्हणूनच पेला बदलला तुया."
भिंतीकडे तोंड करून पडले. चारचे थेंब आईच्या हातून टाकून घेतले.

आई म्हणते, "सांगायचंच कायले होतं भेटली म्हणून?" मलाही तेच वाटतंय, आणि तसं वाटतंय याचीही लाज.

६ फेब्रु., शुक्र.
गेले. मीच, मोठ्या बाबांच्या घरी, कोणाला न विचारता. अकरा वर्षांनी तो ओटा चढले. ओटा लहान झालाय.

मोठे बाबा उशांना टेकून. ओळखायला वेळ लागला, मला, त्यांना नाही. "आली का मास्तरीन?" आवाज तेवढा तोच.
अंथरुणाजवळ स्टूल, त्यावर पाण्याने भरलेला पितळी गिलास, वर ताटली झाकलेली. मोठी आई म्हणाली, त्यांना दिवसाचं दोनच गिलास पाणी मोजून आहे. सोमवारपासून ते एकच पितात. दुसरा तो तिथे.
"लहान्यासाठी ठेवतेत. मी म्हणते, आले तर भरून देऊ ना, घरात पाणी काय कमी हाय? ऐकतच नाईत. माया वाटचं देईन म्हणतेत. दिवस बुडला का तुळशीले घालतेत, सकाळी नवं."
ओठ फुटलेत त्यांचे. पांढरे.

मी सगळं सांगितलं. नेट, पेला, हो म्हटलं ते, दुकान, सगळं. रडले खूप. ते मधे मधे डोळे मिटत होते, ऐकत होते की नाही कळेना.
मग म्हणाले, "लिहिलं?"
"हो."
"पान फाडलं काय?"
"नाही."
"नको फाडू. आता नाई फाडाचं. खालती लिहाचं, चुकलं म्हणून."
धाप लागली. थांबले. मग, "कलमायच्या वक्ती मोटार जळाली होती. मी सांगाले गेलो नाई. थो इचाराले आला नाई." थोडं पाणी पिता का म्हटलं तर नको म्हणून मान हलवली. "तू नको सांगू त्याले. तू सांगितलं तं ते ऐकलेलं होईन. मीच सांगीन."
निघताना, "मंग पुढं काय झालं त्या म्हाताऱ्याचं?"
पुढचा भाग सोमवारी येतो म्हटलं.
"मंग राहू दे," म्हणाले.

(३ तारखेच्या नोंदीबाबत: 'पेल्यातच होतं' याला मी हो म्हटलं ते चूक. पाहिलं नव्हतं.)

७ फेब्रु., शनि.
मी घरी आले तेव्हाच बाबांना कळलं होतं कुठून आले ते. काल बोलले नाहीत. आज सकाळी थेंब माझ्याकडून घेतले. मग एकदम, "घुबड कसं हाय?"
कोणतं घुबड ते कळलं मला.
"पिसं राहिली नाहीत फारशी, बाबा."

मग म्हणाले, "आण थो मोबाइल."
"डॉक्टरांनी..."
"पाहाले नाई मागत. ऐकाले मागतो. लाव. आणि खालचं अक्षर न् अक्षर वाच. आपल्या मनचं एक नाई पायजे."

चाळिसाव्या मिनिटापासून लावलं. मोबाइल त्यांच्या कानाला, पडदा माझ्याकडे. थांबवून थांबवून वाचलं. पिशवीचं बूच काढल्याचा आवाज त्यांनीच ओळखला. "हे काय उघडलं?" सांगितलं. पडल्याचा आवाज. मग म्हाताऱ्याचं रडणं. तिथे खाली अक्षरंच नाहीत. मी गप्प बसले.
"काय म्हणते?"
"काही लिहिलेलं नाही. नुसता रडतोय."
"पेला?"
"स्टुलावर आहे."
"भरलेला?"
"भरलेला."
"तू पाहून राह्यली ना?"
"पाहून राहिले, बाबा."
"अजून हाय भरलेला?"
"हो. हो. आता काळं झालं. संपला."

मोबाइल कानालाच धरून बसले, आवाज बंद झाला तरी. आई दारात उभी होती, पदराला पीठ लागलेलं.
संध्याकाळी नुसतं, "त्यानं इचारलं असतं त्या म्हाताऱ्याले, का काय हाय याच्यात... इचाराले काय जात होतं?"
आईने पेटी उघडली. सदऱ्याला पुन्हा इस्त्री.

८ फेब्रु., रवि.
पहाटे मोठ्या आईचा फोन. कालपासून बोलत नाहीत. आवाज दिला की डोळे हलतात, बस.

बाबा आंघोळ करून, सदरा, काळा चष्मा. माझ्या खांद्यावर हात. वाटेत लोक बघत होते. पारावरचा एक जण म्हणाला, "काय बे, इकडे कोठी?" बाबा म्हणाले, "घरी."
घरी म्हणाले.

ओट्याच्या पायऱ्या मी मोजून सांगितल्या, तीन. त्यांना माहीत होत्या. आत गेल्यावर भिंत चाचपत स्टुलापर्यंत गेले. गिलास होता. ताटली झाकलेली. आजही होता, मोठी आई म्हणाली, आज तिनेच ठेवला, त्यांच्या वाटचा.
बाबा खाली बसले. "भाऊ," म्हणाले. मोठ्या बाबांच्या पापण्या हलल्या. हे मी पाहिलं.
बाबांनी ताटली काढली. गिलास दोन्ही हातांनी उचलला. हे पाहिलं.
तेवढ्यात मोठ्या आईने विचारलं, थेंबांची वेळ झाली काय? बाटली घरी राहिली होती. बारा वाजून गेले होते. मी धावत गेले, धावत आले. दहा मिनिटं, जास्तीत जास्त.

आले तेव्हा गिलास ताटलीवर पालथा. रिकामा. बाबांच्या सदऱ्यावर ओलं. मोठ्या बाबांच्या ओठांवरही ओलं, हनुवटीवर ओघळ. श्वास चालू होता, थांबून थांबून. मोठी आई चुलीकडे होती, तिनेही पाहिलं नाही.
पाणी कोणी प्यायलं, दोघांनी प्यायलं की सांडलं, ते मी पाहिलेलं नाही. मोटारीचं काही बोलणं झालं का, तेही माहीत नाही.

"बाबा, प्यालात?"
बाबांनी चष्मा काढला, मान मागे टाकली. "थेंब टाक."
टाकले. डोळ्यात राहीनात. वाहून जात होते. पुन्हा टाकले, पुन्हा तेच. डॉक्टरांनी एकच थेंब सांगितलाय. किती टाकले ते आज मोजलं नाही.