पश्चात्तापातले दोन त

ती. ताईस,

प्रभूची शांती तुझ्यावर आणि भावोजींवर असो. भावोजींचा गुडघा, तुझी शुगर आणि वरच्या मजल्यावरचा तो ड्रम शिकणारा मुलगा, या तिघांपैकी हल्ली जास्त त्रास कोण देतं ते कळव. गेली चार वर्षं आपण एकमेकांना नाताळचं छापील कार्ड पाठवतो आणि खाली फक्त सही करतो. त्यामुळे अचानक एवढं जाड पाकीट पाहून तू आधी शेवटचं पान उलटशील आणि कोण गेलं ते शोधशील. कोणी गेलेलं नाही. चष्मा लाव, चहा कर (बिनसाखरेचा) आणि निवांत वाच.

बातमी अशी की मला धर्मशिक्षणाचा मास्तर केलं आहे. हसू नकोस, तुझी भावजय हसून दमली आहे. तुला ठाऊकच आहे, छापखान्यात छत्तीस वर्षं मी लोकांच्या चुका शोधल्या आणि त्याचा पगार घेतला. निवृत्तीनंतर पगार गेला, सवय राहिली. आमच्या चर्चचं साप्ताहिक पत्रक मी दर रविवारी मिस्सा चालू असतानाच लाल पेन्सिलीने तपासतो आणि बाहेर पडताना फादरांच्या हातात ठेवतो. (प्रवचन ऐकतो. कान मोकळेच असतात.) 'आशीर्वाद' हा शब्द त्या पत्रकात सलग एकोणीस रविवार 'आर्शिवाद' असा छापला गेला. विसाव्या रविवारी मी फादरांना दारातच गाठलं आणि मागे रांग खोळंबलेली असताना रफार कुठल्या अक्षरावर बसतो हे समजावून सांगितलं. फादर तरुण आहेत, सायकलवरून फिरतात आणि कुणावरही रागावत नाहीत, त्यामुळे त्यांच्याशी भांडायची सोय नाही. शांतपणे म्हणाले, "काका, एवढी कळकळ आहे तर प्रथम ख्रिस्तप्रसादाचा वर्ग तुम्हीच घ्या." मुलांना पहिल्या ख्रिस्तप्रसादासाठी तयार करणारा तो वर्ग बावीस वर्षं घेणाऱ्या सिस्टरांची नुकतीच बदली झाली होती. मी नाही म्हणायला तोंड उघडेपर्यंत फादरांनी माझ्या मागच्या माणसाची विचारपूस सुरू केली होती.

वर्ग चर्चच्या मागच्या खोलीत भरतो. तिथे घडीच्या खुर्च्या, न वाजणारा ऑर्गन आणि दुरुस्तीची वाट बघणारा एक नाक उडालेला देवदूत असे आम्ही सगळे निवृत्त एकत्र असतो. समोर आठ-नऊ वर्षांची चौदा मुलं. मला वाटलं होतं, प्रश्न मी विचारायचे आणि उत्तरं त्यांनी पाठ म्हणायची. इथे उलटंच आहे. त्यातल्या एका मुलीला तर मी मनातल्या मनात वकीलबाई म्हणतो. (मुलं मला माझ्यामागे वेलांटी सर म्हणतात, तेव्हा फिटंफाट.) पहिल्याच दिवशी तिने विचारलं की ती आणि तिचा भाऊ एकाच पलंगावर झोपतात, तर दोघांचे दोन रक्षक देवदूत उभे कुठे राहतात, कारण पलंग भिंतीला लागून आहे. मी पुढच्या वेळी सांगतो म्हटलं. पुढच्या वेळी तिने पलंगाचं माप आणलं होतं.

आता मूळ प्रकरण. फादरांपुढे पापनिवेदन करायच्या आधी काय काय लागतं ते मी वहीत लिहायला सांगितलं. चौदापैकी तेरा वह्यांत 'पश्चाताप'. एकच त. (चौदाव्या वहीत 'पश्चिमताप' होता. त्या मुलाला मी वेगळं घेतलं.) ताई, तू मला ओळखतेस. 'पश्चाताप' दिसला की मला कसंसंच होतं. शब्द फोडून दाखवला की चूक पुन्हा होत नाही, हे मी छापखान्यात कितीतरी नव्या लोकांना शिकवलं आहे. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: पश्चात् म्हणजे नंतर. त्यात मिळवा ताप. झाला पश्चात्ताप. नंतर येणारा ताप. खाली दोन रेघा मारल्या आणि मुलांकडून तीनदा म्हणवून घेतलं. मग पुस्तकात होतं तेही सांगितलं की पश्चात्ताप नसेल तर पापांची क्षमा होत नाही. त्या दिवसापासून एकाही मुलाने त चुकवलेला नाही. मी घरी येऊन तुझ्या भावजयीला म्हटलंसुद्धा की शिकवणं काही एवढं अवघड नसतं.

शनिवारी मुलांचं पहिलं पापनिवेदन झालं. सोमवारपासून फोन सुरू झाले. एका आईने विचारलं की सर, तुम्ही मुलांना काही औषध दिलंत का, आमचा मुलगा सारखा थर्मामीटर मागतोय. दुसरीचा मुलगा ताप यावा म्हणून कांबळं पांघरून उन्हात बसला होता. पश्चिमतापवाल्याला खरोखरच सर्दीताप झाला आणि तो वर्गात पुण्यवान ठरला; बाकीची मुलं त्याच्या कपाळाला हात लावून बघायला जात होती. बहुतेकांनी दोन दिवसांत नाद सोडला, कोणी कोमट पाण्यात थर्मामीटर बुडवून आपलं समाधान करून घेतलं. पण वकीलबाईचं तसं नाही. तिने चार दिवस सकाळ-संध्याकाळ ताप मोजून वहीत लिहिला, सगळा नॉर्मल आला, आणि तिने घरी जाहीर केलं की मला पश्चात्ताप झालेला नाही, म्हणजे क्षमा मिळालेली नाही, म्हणजे मी ख्रिस्तप्रसाद घेणार नाही. पांढरा फ्रॉक शिवून आलेला. आई रडकुंडीला आलेली. आणि ताई, मुलगी नाटक करत नव्हती. तिला जेवण जात नव्हतं.

मी तिच्या घरी गेलो. व्युत्पत्ती आणि अर्थ यांत फरक असतो हे मी जवळजवळ पाऊण तास समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण सर, तुम्हीच फळ्यावर लिहिलं होतं. खाली दोन रेघा पण मारल्या होत्या." मग तिने विचारलं, "तुम्हाला आला होता का, तुमच्या वेळी?" मी म्हटलं, मला कधीच नाही आला. शेवटचं पापनिवेदन कधी केलंत, हा तिचा पुढचा प्रश्न. खोटं बोललो असतो, पण भिंतीवरचा येशू माझ्याकडेच बघत होता. चार वर्षं झाली, असं म्हणालो. तिच्या आजीने चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे नीट पाहून घेतलं.

तेव्हा मी म्हटलं की येत्या शनिवारी मी सर्वांदेखत पापनिवेदनाच्या रांगेत बसतो, आणि रविवारी वर्गात तुम्हीच माझा ताप मोजा, म्हणजे या गोष्टीचा कायमचा निकाल लागेल. ठरल्याप्रमाणे गेलो. रांग लांब होती (आमच्या इथले लोक तसे साधे आहेत, पण सांगतात फार विस्ताराने), आणि मी बसलो ते नेमकं कोणीतरी देणगी दिलेल्या नव्या पंख्याखाली. तासभर घामेजल्या अंगावर तो वारा घेतला. माझी पाळी आली, चार वर्षांचं साचलेलं बोललो, फादरांनी फार न बोलता प्रायश्चित्त दिलं. रविवारी सकाळी अंगात एकशे दोन ताप.

मी वर्गाला गेलो नाही, वर्ग माझ्याकडे आला. चौदाच्या चौदा मुलं पलंगाभोवती उभी राहिली आणि माझ्याकडे ज्या कौतुकाने बघत होती तसं आजवर कोणी बघितलेलं नाही. पश्चिमतापवाल्याने हिशेब मांडला की त्याला नव्व्याण्णव आणि सरांना एकशे दोन, म्हणजे सरांनी आयुष्यात काहीतरी मोठंच केलं असणार. तुझी भावजय दारात उभी राहून विचारात पडलेली मी पाहिली. वकीलबाईने मात्र कोपऱ्यात उभं राहून माझ्या कपाळावरच्या ओल्या घडीकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. मला इतकी स्वतःची लाज क्वचितच वाटली असेल. एका अक्षरासाठी मी त्या पोरीचा देव तिच्यापासून लांब नेला होता.

दुपारी फादर आजाऱ्याला ख्रिस्तप्रसाद द्यायला आले. वकीलबाई अजून तिथेच होती, आजी न्यायला यायची वाट बघत. मी सगळं प्रकरण सांगितलं. फादर इतके हसले की त्यांना स्टुलावर बसावं लागलं. मग तिच्याजवळ सरकून म्हणाले की हा ताप काखेत मोजता येत नाही. तिने लगेच विचारलं, मग आला हे कळतं कसं? फादरांनी थोडा विचार केला. म्हणाले, "देवाने क्षमा केलीय, ती बाब मिटली. पण आपण ज्याला दुखावलं त्याच्यासमोर जाऊन उभं राहायचं आणि खरं सांगायचं. तेव्हा कान गरम होतात. तोच तो ताप." तिने स्वतःचे कान चाचपून पाहिले. (मीही पाहिले. मला वाटलं होतं फादर हे तिला सांगत आहेत.) आजी आली तेव्हा ती तिचा हात न धरता दोन पावलं मागून चालत गेली.

पुढचं मला तिनेच गुरुवारी येऊन सांगितलं. गेल्या वर्षी आजी महिनाभर मावशीकडे राहायला निघाली होती. आजी जाऊ नये म्हणून हिने निघायच्या दिवशी तिची दातांची कवळी आपल्या खेळण्यातल्या स्वयंपाकघरात, एवढ्याशा कुकरमध्ये लपवली. नंतर भीतीने कचऱ्यात टाकली. आजी दातांशिवाय कुठे जाणार? राहिली. पण कवळी सुनेनेच केर काढताना फेकली असं ठरलं, आणि त्यावरून सासू-सुनेत जे वाजलं ते वर्षभर पुरलं. आता या मुलीने दोघींना स्वयंपाकघरात बोलावून समोर उभं राहून सगळं सांगितलं. आजी एक दिवस बोलली नाही. दुसऱ्या दिवशी तिने सुनेला स्वतः चहा करून दिला आणि नातीला जवळ घेऊन एवढंच म्हणाली की अगं, नुसतं जाऊ नको म्हणाली असतीस. "कान तापले सर," वकीलबाई मला म्हणाली, "मग गाल पण. आजीने थर्मामीटर लावला, तर नॉर्मल." फ्रॉक आता कपाटाबाहेर लटकवला आहे आणि ती रोज तो मोजून बघते.

तर असं सगळं आहे. माझा ताप उतरला, थोडा खोकला आहे. तुझी भावजय नमस्कार सांगते. भावोजींना साष्टांग म्हणणार होतो, पण माझेही गुडघे आता त्यांच्याच पक्षात आहेत.

तुझा धाकटा,
वेलांटी सर

ता. क. भावोजींनी जाहिरातीतलं ते तेल गुडघ्याला लावू नये. बाटलीवरच्या सूचनांत सात चुका आहेत. ज्यांना 'सांधे' लिहिता येत नाही ते दुरुस्त काय करणार.

ता. क. २. फादरांनी प्रायश्चित्त दिलं असं वर लिहिलं, काय दिलं ते लिहिलं नाही. तीन नमो मरिया आणि ताईला एक पत्र. नमो मरिया मी तिथेच बाकावर म्हटले. पत्राबद्दल फादरांनी बजावलं होतं की एक वाक्य पुरे. आठ पानं झाली, ते वाक्य अजून आलेलं नाही, म्हणून आता लिहितो. आईच्या अंत्यविधीच्या मिस्साला मी तुझ्यासाठी थांबायला हवं होतं. तू रस्त्यातून फोन केलास की गाडी बंद पडलीय, अर्धा तास द्या. तेव्हाचे फादर द्यायला तयार होते. दहा म्हणजे दहा, असं मीच म्हणालो. तू पोचलीस तेव्हा आम्ही आईला ठेवून परतत होतो, तुझ्या हातातली फुलं अजून कागदात होती, आणि मी तुला म्हणालो की उशीर तुला झाला, आम्हाला नाही. मला क्षमा कर.

ता. क. ३. हे पत्रात लिहून भागत नाही, समोर उभं राहावं लागतं, हे आता कळलं आहे. मी तुझ्याकडे येणारच होतो, पण पुढच्या महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद आहे आणि तू यावंस असं मला फार वाटतं. मिस्सा साडेनऊची आहे. तुझी गाडी नऊला पोचते, पण ती कधी वेळेवर आली आहे? मी फादरांशी बोललो. मुलांनाही सांगून ठेवलं की माझी मोठी बहीण येणार आहे. वकीलबाईने विचारलं, किती वाजता येणार? मी म्हटलं, नक्की सांगता येत नाही. ती म्हणाली, मग त्या आल्या की सुरू करू.

धावतपळत येऊ नकोस. तू आल्याशिवाय घंटा वाजणार नाही.