लालवरचं मेण

सोमवार, ७ एप्रिल

प्लास्टिकची वेष्टणं! हेडबाईंनी आज प्रत्येक वर्गाला गठ्ठाच वाटला. उकडलेल्या अंड्यावर चढवायचं, गरम पाण्यात बुडवायचं, चित्र चिकटून बसतं. झाला ईस्टर. "यारिनाबाई, वर्गात मेणबत्त्या नकोत. हल्ल्याचा सायरन वाजला की पोरांना तळघरात न्यायचं, तेव्हा विझवत कोण बसणार?" मी विझवीन की! या डोंगरात घरोघरी मेणानं नक्षी काढून अंडी लिहितात, आणि आम्ही शाळेत दुकानातली चित्रं चिकटवणार. लाज सोडलीय नुसती.

निघताना पुन्हा थांबवलं. आवाज अगदी हळू, जणू उपकारच करतायत. "यंदा तरी ओस्तापचा फोटो लावू या का भिंतीवर?" त्या भिंतीवर गावातले मेलेले सैनिक आहेत. ओस्ताप, माझा नवरा, बेपत्ता आहे. दोन वर्षं झाली, कागदावर तेच लिहिलंय — बेपत्ता. मी म्हटलं, तुमचाच लावा. बोलले ते बोलले.

बुधवार, ९

कच्ची अंडी, मेण, रंग, बावीस मेणबत्त्या. सगळं घरून नेलं. वर्गाचं दार लावून घेतलं.

गुरुवार, १०

आईनं मला शिकवलं तसंच तिसरीच्या पोरांना शिकवलं. पांढरं राहायला हवं तिथे मेणानं लिहा, मग पिवळ्यात बुडवा. पिवळं हवं तिथे मेण, मग लाल. लाल हवं तिथे मेण, मग काळा. शेवटी मेण वितळवायचं, की खालचं सगळं दिसतं. ज्याच्यासाठी लिहिताय त्याचा विचार करा आणि तोंड बंद ठेवा. जिवंत माणसाच्या अंड्यावर लाल हवाच. लाल नसलेलं थडग्यावर ठेवतात. हा आमच्या आईचा नियम, आणि माझ्या वर्गात तोच चालतो.

तर मेलानिया — खारकीवकडून आलेली, मावशीकडे राहते, बाप आघाडीवर — पिवळं अंडं घेऊन सरळ काळ्या रंगाकडे निघाली. "कुणासाठी आहे?" "बाबांसाठी." माझं डोकंच फिरलं. बाबांसाठी, आणि लाल नाही? अपशकुन करतेस? सगळ्या वर्गासमोर ओरडले. समोर उभं राहून लालमध्ये बुडवायला लावलं. तिनं मुकाट्यानं बुडवलं. नऊ वर्षांची पोर, डोळ्यांत पाणीसुद्धा नाही. त्याचाच जास्त राग आला.

शुक्रवार, ११

सायरन. दोन तास तळघरात. पोरं आपापली अंडी मांडीवर घेऊन बसली होती. हेडबाईंनी पाहिलं आणि सरकून पोरांना जागा करून दिली. मी भांडायच्या तयारीत होते, तेही राहिलं.

सोमवार, १४

आज मेण वितळवलं. मेणबत्तीजवळ अंडं धरायचं आणि फडक्यानं पुसत जायचं. मेलानियाचं मीच पुसलं. पांढऱ्या रेघा, दोन पिवळी हरणं, बाकी सगळं काळं. लालचा ठिपका नाही! कार्टीनं माझ्या डोळ्यांदेखत लालमध्ये बुडवलं, पण नंतर त्यावर मेणाची एक रेघ ओढली नाही. तसंच काळ्यात टाकून दिलं. काळ्याखाली लाल गेला तो गेला. आणि मला, चाळीस वर्षं अंडी लिहिणारीला, पत्ता लागला नाही.

मधल्या सुट्टीत तिला थांबवून घेतलं. लबाडी का केलीस, म्हणून खडसावलं. ती बाकाचा कोपरा नखानं खरवडत उभी.

"बाई, बाबा गेले. मार्चमध्येच. मावशी बाथरूममध्ये नळ सोडून फोनवर बोलत होती. मला ऐकू आलं."

मावशीला माहितीय का, तुला कळलंय ते?

"नाही. ती रोज सांगते, बाबांकडे नेटवर्क नाही. मी हो म्हणते. तिला बरं वाटतं." मग अंडं दोन्ही हातांत धरून म्हणाली, "तुम्हालाही बरं वाटावं म्हणून लालमध्ये बुडवलं."

गुरुवारी सगळ्या वर्गासमोर काय काय बोलले होते मी तिला!

मंगळवार, १५

मावशीच्या घरी गेले. चांगली खरडपट्टी काढणार होते. पोरीपासून कसलं लपवता, एवढं खोटं कसं जमतं तुम्हाला — रस्ताभर घोकत गेले. तिनं दार उघडलं. हात पिठानं भरलेले, ईस्टरच्या पावाची कणीक मळत होती. "सण होऊ दे म्हटलं, बाई. मग सांगते. रोज म्हणते उद्या सांगीन, आणि रोज जीभच वळत नाही."

तिला माहितीय, मी म्हटलं. ती तशीच पिठाच्या हातांनी स्टुलावर बसली. "कधीपासून?" मार्चपासून.

घरी येताना तिच्यावर चिडायचा खूप प्रयत्न केला. जमलं नाही. माणूस रोज असं कसं स्वतःला फसवतं, असं मी कुठल्या तोंडानं विचारणार?

गुरुवार, १७

ओस्तापचं अंडं लिहिलं. लालमध्ये बुडवलं. लालवर मेण लावलं नाही, तसंच काळ्यात सोडलं.